तिरपी नजर



जिभेला आवर घालावा, कोणाची निंदा करू नये, असे आपण मुलांना नित्य शिकवितो. डोळ्यांना आवर घालण्याविषयी मात्र क्वचितच बोलतो. म्हणून आज चार शब्द तिरप्या नजरेविषयी.

डोळ्यांच्या कोपऱ्यातून टाकलेला नापसंतीचा कटाक्ष आपल्या घराघरांत जुना आहे. मुंबईच्या मशिदीत (सिनेगॉगला जुनी मंडळी मशीदच म्हणत) तेफिल्ला चालू असता मूल कुजबुजले, तर वरच्या सज्जातून आजीची एक नजर पुरे होई. आपले काय चुकले हे मुलाला ठाऊक असे, आणि घरी परतल्यावर तीच आजी त्याच्या हातावर खाऊ ठेवी. वर्गात शिकविताना आम्हांलाही हाच अनुभव येतो. नियम आधी समजावून सांगितला असेल, तरच नजर काही शिकविते. एरवी ती केवळ लाजविते.

काही वर्षांपूर्वी येथील एका घरी मलिदा होता. दुसऱ्या समाजातून आलेल्या नव्या सुनेने बेराखा होण्यापूर्वीच ताटातील खजूर उचलला. चार-पाच तिरप्या नजरा एकदम तिच्याकडे वळल्या. त्यांत आमचीही होती. कोणी एक शब्दही उच्चारला नाही. तिने खजूर मुकाट्याने परत ठेवला. पुढच्या मलिद्याला तिचा नवरा एकटाच आला. आपली पद्धत तिला सांगावयास अर्धे मिनिटही लागले नसते!

अशा नजरेचे दुःख आपल्याला कोणी सांगावयास नको. आपल्या लोकांचा इतर यहुद्यांशी विवाह ठरल्यास त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असा आदेश १९६२ साली येथील मुख्य रब्बीमंडळाने काढला. त्याविरुद्ध आपल्या वडीलधाऱ्यांनी १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेमात धरणे धरले, आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपण सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. 'हे खरोखर आपल्यातले का?' अशी नजर ज्यांनी सोसली, त्यांनीच ती घरी आलेल्या मुलीवर टाकावी काय?

चुकणाऱ्याला समज द्यावी, अशी आज्ञा वायिक्राच्या १९ व्या अध्यायात आहे. परंतु चारचौघांत त्याला खाली मान घालावयास लावू नये, असे आपल्या हाखामांनी त्याबरोबरच बजाविले आहे. पिर्के आबोथमध्ये अव्राहामाच्या शिष्यांची लक्षणे सांगितली आहेत. त्यांतले पहिलेच लक्षण चांगली नजर हे आहे.

तेव्हा वाचकहो, कोणाचे चुकलेले दिसले, तर डोळे तिरपे न करता मान पूर्ण वळवावी, जवळ जावे आणि हळूच सांगावे. सांगण्याजोगे नसेल, तर पाहूही नये.

येत्या मलिद्याचे आमंत्रण देण्यास आम्ही स्वतः त्या मुलीच्या घरी जाणार आहोत. पहिला खजूर तिच्या हाती आम्हीच ठेवू. अर्थात, बेराखा झाल्यावर.