टायर मातीकडे बघून घ्यावा

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्याच्या आसपासच्या शिवारात जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या अजून कामाला आहेत. कुठे महिंद्राची जुनी जीप, कुठे बोलेरोची पिकअप. पावसाळ्यात खताची पोती नेण्यापासून वस्तीवरचा आजारी माणूस डांबरी रस्त्यापर्यंत आणण्यापर्यंत सगळे त्यांच्याच जिवावर चालते. गाडी वीस-पंचवीस वर्षांची झाली, टायर गुळगुळीत झाले, की मालकासमोर प्रश्न येतो : आहेत त्याच मापाचे घ्यायचे की मोठे? आणि हल्ली या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा मोबाईलवरच्या व्हिडिओतून येते. एकतीस इंची, रुंद, दात विचकलेले टायर, बाहेर आलेल्या रिम आणि वाळवंटात नाहीतर डोंगरात उधळलेली गाडी.

माझे मत सरळ आहे. आपल्या काळ्या मातीत, जुन्या गाडीला, रुंद आणि फार मोठा टायर बहुतेक वेळा चुकीचा असतो. बदलायचाच असेल तर थोडा उंच घ्यावा, रुंद घेऊ नये, आणि त्याआधी ब्रेककडे बघावे. टायर मातीकडे बघून घ्यावा, गाडीकडे बघणाऱ्यांकडे बघून नाही.

आधी मातीबद्दल. आपली काळी जमीन पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचा पाऊस झाला की तीच माती चपलेला, खुराला, फाळाला आणि चाकाला चिकटते. वाळू चाकाखालून सरकते, पण चाकाला धरून बसत नाही. काळी माती धरून बसते. टायरच्या दातांमधल्या फटी एकदा मातीने भरल्या की टायर कितीही महाग असो, तो गुळगुळीत रुळासारखा होतो आणि जागेवर फिरतो. म्हणून या मातीत टायरची पहिली परीक्षा अशी : दोन दातांमधली जागा पुरेशी मोकळी आहे का, आणि चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते का? टायर किती भारदस्त दिसतो, हा त्यानंतरचा प्रश्न.

आपल्या जुन्या लोकांनी हे चाक फार आधी शोधले होते. लाकडी बैलगाडीचे चाक उंच आणि अरुंद असायचे, त्यावर लोखंडी धाव. उंच असल्याने ते खड्ड्यातून सहज निघे आणि अरुंद असल्याने वरचा गाळ कापून खालच्या घट्ट थरावर टेकायचा प्रयत्न करी. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीपही याच विचाराची होती. तिचा टायर ६.००-१६ मापाचा, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद. त्याच टायरवर ती जीप चिखलातून आणि वाळवंटातून फिरली. हीच जीप १९४७ पासून मुंबईत जोडली जाऊ लागली. जोडणारी कंपनी १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झाली होती. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. नाव बदलले, पण अरुंद चाकाची ती जीप आपल्या खेड्यांत पुढे कित्येक वर्षे राहिली.

आता मोठ्या टायरची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती पूर्ण खोटी नाही. पांदणीतून ट्रॅक्टर जाऊन जाऊन खोल चाकोऱ्या पडतात आणि मध्ये मातीचा उंचवटा राहतो. जीप त्या चाकोरीत उतरली की तिच्या अॅक्सलचा मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियल, त्या उंचवट्यावर बसतो आणि चारही चाके हवेत फिरल्यासारखी फिरतात. पाट्यांखाली तुकडे घालून गाडीची बॉडी उंच केली तरी हा गोळा तिथेच राहतो. त्याला वर उचलण्याचा साधा मार्ग एकच : टायरची उंची वाढवणे. एवढा मुद्दा खरा आहे.

पण किती वर? इथे हिशेब केला पाहिजे. टायर तीन इंचांनी उंच केला तर अॅक्सल दीडच इंच वर जातो, कारण अर्धी वाढ अॅक्सलच्या वरच्या बाजूला जाते. ६.००-१६ टायरची एकूण उंची सुमारे २८ इंच असते. ७.००-१६ ची सुमारे ३० इंच. म्हणजे या बदलाने अॅक्सल एक इंच वर जातो आणि रुंदी एकच इंच वाढते. त्याऐवजी ३१ इंची, साडेदहा इंच रुंद टायर लावला तर आणखी फक्त अर्धा इंच मिळतो. त्या अर्ध्या इंचासाठी रुंदी साडेतीन इंचांनी वाढते, सोळाच्या जागी पंधरा इंची रुंद रिम घ्यावे लागतात आणि चाक बाहेर येते. बोलेरोचेही तसेच. २१५/७५ आर १५ वरून २३५/७५ आर १५ वर गेलात तर अॅक्सल दीड सेंटीमीटर वर जातो. पांदणीतली चाकोरी फूटभर खोल असेल तर दीड सेंटीमीटरने तिथे काय फरक पडणार, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या अर्ध्या इंचाची किंमत दुकानातल्या बिलावर पूर्ण दिसत नाही. ती गाडी नंतर वसूल करते. टायर २८ चा ३१ इंची झाला की प्रत्येक गिअर सुमारे दहा टक्क्यांनी जड होतो. जुने इंजिन आधीच थकलेले असते. जिथे दुसऱ्या गिअरमध्ये गाडी निघत होती तिथे पहिला टाकावा लागतो आणि क्लच जळतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने धावत असते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ब्रेक. ब्रेकचा ड्रम तोच, लायनर तेच, पण चाक मोठे झाल्याने तेवढाच पाय दाबून रस्त्यावर मिळणारी रोखण्याची ताकद सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते. त्यात टायर-रिमचे वजन वाढलेले असते. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या, पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीला हे परवडत नाही. चाक बाहेर आल्याने बेअरिंग लवकर जातात, स्टिअरिंग जड होते, खड्ड्यात हातातून हिसका देते. अॅक्सलचा दांडा तुटतो तो बहुधा अशाच वेळी : मोठे चाक चिखलात अडकलेले आणि ड्रायव्हर रागाने अॅक्सिलरेटर दाबत असलेला.

रुंद टायर निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. कोरड्या वाळूत, नदीच्या पात्रात, रुंद आणि कमी हवेचा टायर तरंगल्यासारखा चालतो. पण आपल्याकडे बऱ्याच पांदणींत वर चार-सहा इंच गाळ आणि खाली कधीतरी टाकलेला मुरूम असतो. तिथे अरुंद टायर मुरमापर्यंत पोचतो, रुंद टायर वरच्या गाळावर साबणासारखा घसरतो. आणि जिथे खाली मुरूमच नाही, काळी माती पुरुषभर खोल आहे, तिथे वापसा येईपर्यंत गाडी न घालणे हाच उपाय. तिथे अरुंद टायर रुततो, रुंदही रुततो. फरक इतकाच की रुंद टायरवाला थोडा आत जाऊन रुततो आणि त्याला काढायला ट्रॅक्टरलाही अधिक आत यावे लागते.

शिवाय वर्षाचाही हिशेब आहे. खरा चिखल चार महिने. कालव्याला पाणी सुटल्यावर काही ठिकाणी आणखी थोडे दिवस. उरलेला काळ ही गाडी डांबरावर असते : औंढ्याला, हिंगोलीला, वसमतच्या हळद बाजाराला. निव्वळ चिखलासाठी बनवलेले मोठ्या दातांचे टायर ओल्या डांबरावर कमी पकड देतात, आवाज करतात आणि लवकर झिजतात. हळदीची पोती भरलेली पिकअप ओल्या रस्त्यावर थांबवताना हा फरक कळतो, आणि तो कळण्यासाठी समोर कोणीतरी असतो.

मग काय घ्यावे? जुन्या जीपला मूळ मापाचा किंवा फार तर एक पायरी उंच, अरुंद, मोकळ्या दातांचा टायर. रिमला तो बसतो का, पूर्ण वळवल्यावर पाट्याला किंवा मडगार्डला घासतो का, हे आधी एक टायर लावून बघावे. पिकअपला उंचीपेक्षा भार पेलण्याची क्षमता महत्त्वाची, ती मूळ टायरपेक्षा कमी नको. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे असावेत. मागे दोन नवे मोठे आणि पुढे जुने झिजलेले, ही काटकसर या गाडीत महाग पडते. फोर-व्हील टाकल्यावर पुढची-मागची चाके गिअरने एकमेकांना जखडली जातात आणि मापातला फरक ट्रान्स्फर केसला सोसावा लागतो. चिखलात शिरताना हवा थोडी कमी केली की टायर जमिनीला जास्त लांबीने टेकतो. हा उपाय फुकट आहे, पण ट्यूबचा टायर असेल तर फार कमी करू नये. टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटून निघतो. डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा भरायची. जे पैसे वाचतील त्यातून आधी ब्रेकचे लायनर, व्हील सिलिंडर आणि स्टिअरिंगचे जॉइंट नवे करावेत.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत सांगितले. कंपनीने त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेले माप घेणे आणि बाजारातून आणलेले बाहेर आलेले चाक लावणे यात मोठे अंतर आहे. अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला हे दुसरे चाक आयते कारण देते.

हे सगळे कोणाला विचारावे? व्हिडिओ बनवणाऱ्याला नाही. तुमच्या रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारा. ‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्याकडे मुसलमान पोरांना हिणवण्यासाठी वापरला जातो. हिणवणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते : त्या परिसरातल्या गाड्यांचे टायर आतून पाहिलेला माणूस तोच असतो. टायर मध्ये झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर हवा कमी, एकाच कडेला झिजला तर चाकांची रेषा बिघडलेली, हे तो हात फिरवून सांगतो. टायरच्या बाजूवरचे चार अंक तो तुम्हाला वाचून दाखवेल : २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. स्वस्तात मिळणारा ‘नवा’ टायर किती वर्षे गोदामात पडून होता, ते त्यावरून कळते. कोणत्या शिवारात कोणता टायर बाजूने फाटतो, हेही त्याला ठाऊक असते. या ज्ञानाला प्रमाणपत्र नाही म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही. फक्त त्याला विचारावे लागते, आणि विचारताना ‘अरे’ऐवजी ‘भाई’ म्हटले तर उत्तरही मोकळे मिळते.

शेवटचा मुद्दा टायरच्या पलीकडचा आहे. पांदण एकट्याची नसते. मोठ्या दातांच्या टायरने भर पावसात पांदण तुडवली की चाकोरी आणखी खोल होते. मागून बैलगाडीवाला येतो, दुचाकीवर दूध घेऊन जाणारा येतो, शाळेची मुले चालत येतात. ज्याच्याकडे ताकदवान गाडी आहे तो निघून जातो, ज्याच्याकडे नाही तो अडकतो. पुढच्या वर्षी पहिल्यालाही आणखी मोठा टायर हवा असतो. या शर्यतीला शेवट नाही.

शेत-पांदण रस्त्यांसाठी राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. रस्त्याला जागा सोडायला बांधावरचे दोन शेजारी तयार झाले तर ते काम पुढे सरकते, नाहीतर प्रस्ताव पडून राहतो. चार रुंद टायर आणि चार रिम यांवर जो पैसा आणि जो उत्साह खर्च होतो, त्यातला थोडा ग्रामसभेत बसून, शेजाऱ्याशी बोलून, चर काढून आणि दोन ट्रॉल्या मुरूम टाकून खर्च केला तर वस्तीवरची बाळंतीण कोणत्याही टायरच्या गाडीतून दवाखान्यात पोचेल. तोपर्यंत जुनी जीप लागणारच आहे. तिला उंच, अरुंद, मोकळ्या दातांचे चार टायर द्या आणि दाबला की लागणारा ब्रेक द्या. रुबाबाचे ओझे तिच्यावर टाकू नका. तिने आधीच पुष्कळ ओझी वाहिली आहेत.