सेवाग्राम रस्त्याची सावली

2020 साली वर्धा-सेवाग्राम रस्त्याचं रुंदीकरण निघालं आणि कडेची जुनी झाडं पडू लागली. गावातली माणसं झाडांपाशी जाऊन उभी राहिली. त्या वेळचा वाद आता थंडावला आहे, पण त्यामागचा युक्तिवाद अजून तसाच ठणठणीत आहे. वाहनं वाढली, तर रस्ता वाढवायलाच हवा. झाडं पुन्हा लावता येतात. उन्हातान्हात लोकांनी चालायचं का? आणि गाडी घेण्याची ऐपत आली असेल तर ती कुणाच्या डोळ्यांत का खुपावी? असं म्हणणारे आपलेच शेजारी आहेत, नातेवाईक आहेत. म्हणून त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यापेक्षा त्याला मुद्द्याने उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

रुंद रस्त्याने कोंडी सुटते, हा समज आधी घेऊ. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात केटी फ्रीवे नावाचा महामार्ग 2008 पर्यंत रुंद करण्यात आला. बाजूचे रस्ते धरले तर काही ठिकाणी त्याच्या मार्गिका सव्वीसपर्यंत गेल्या. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पूर्वीपेक्षा लांबला. जागा मोकळी दिसली की आणखी गाड्या बाहेर पडतात. अँथनी डाउन्स या अर्थतज्ज्ञाने ही गोष्ट 1962 मध्येच मांडली होती. आपल्याकडे तर तेवढीही वाट पाहावी लागत नाही. वर्ध्यातल्या आर्वी नाक्यावर नाहीतर बजाज चौकात संध्याकाळी उभं राहून पाहा: वाढवलेली कड उभ्या गाड्यांनी कधीच गिळलेली असते, आणि पायी चालणारा तिथून आणखी आत, रहदारीच्या मधोमध ढकललेला असतो. सगळ्यांच्या पैशातून रुंद केलेली जागा फुकटचा वाहनतळ होते.

उन्हाचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मी हलका करणार नाही. नवतप्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. दुपट्टा बांधूनही तोंड भाजतं. पण या उन्हात कोण असतं? 2011 च्या जनगणनेत देशातल्या शंभर कुटुंबांपैकी पाचांकडेही मोटार नव्हती. सायकल मात्र पंचेचाळिसांच्या आसपास कुटुंबांकडे होती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही मोटार असलेली घरं शंभरात आठपेक्षा कमीच निघाली. सेवाग्राम रस्त्यावर कस्तुरबा रुग्णालयाकडे जाणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक असतात, पाळी संपवून परतणाऱ्या परिचारिका असतात, एसटीची वाट पाहत लेकराला पदराखाली धरलेल्या बाया असतात. गाडीवाला आपली सावली आणि आपला गारवा सोबत घेऊन फिरतो. बाकीच्यांची सावली रस्त्याकाठच्या झाडाची होती. ती तोडायची आणि मग ऊन फार म्हणून गाडीच हवी असं म्हणायचं, यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. पुन्हा लावलेलं रोप माणसावर सावली धरेपर्यंत आज शाळेत जाणारी मुलगी आई झालेली असेल.

आता ऐपतीचं आणि स्वातंत्र्याचं. गांधीजीही मोटारीत बसत, असं कुणी म्हणेल. बसत होते. रुग्णाला गाडी लागते, शेतकऱ्याला माल न्यायला गाडी लागते; ती काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण 30 एप्रिल 1936 ला सहासष्ट वर्षांचे गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीतून सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, पायी गेले. विनोबा 8 मार्च 1951 ला पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले, आणि भूदानाची पदयात्रा पुढे तेरा वर्षं चालली. ज्या जिल्ह्यात चालण्याला एवढी प्रतिष्ठा होती, तिथे आज पायी येणाऱ्या पाहुण्याला 'गाडी नाही का?' असं विचारलं जातं, याचं मला मनापासून दुःख होतं. आणि स्वातंत्र्य कुणाचं? पंधरा वर्षांच्या मुलीला गाडी चालवता येत नाही, सत्तरीच्या आजीलाही येत नाही. पुलगाव-आर्वी ही पस्तीस किलोमीटरची नॅरोगेज बंद पडली, तेव्हा आर्वीकरांचा एक पर्याय गेला. 2021-22 च्या संपात एसटी काही महिने थांबली, तेव्हा ज्यांच्या दारात गाडी नव्हती त्यांची शाळा, कॉलेज, दवाखाना सगळंच अडलं. दुसरा पर्यायच उरला नाही म्हणून घेतलेल्या, हप्त्याने फेडायच्या गाडीला स्वातंत्र्य म्हणायला माझं मन धजत नाही.

या सगळ्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जाते. 24 जानेवारी 2022 च्या रात्री सेलसुऱ्याजवळ पुलावरून गाडी खाली कोसळली आणि सात वैद्यकीय विद्यार्थी गेले. जिल्हा हळहळला. मग आपण त्याला काळाचा घाला म्हटलं आणि पुढे निघालो. त्या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांत 32,825 पायी चालणारी होती. ही संख्या आपण पावसासारखी, वरून येणारी मानतो. हॉलंडमध्ये 1971 साली सुमारे 3,300 माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. तिथल्या आईबापांनी ही मरणं नशिबावर सोडली नाहीत. मुलांचे खून थांबवा असं म्हणत ते रस्त्यावर बसले. त्या देशातले आजचे सायकलमार्ग त्या संतापातून आणि पुढच्या तेलटंचाईतून आले. त्याआधी तिथेही मोटारींसाठी जागा करायला घरं पाडली जात होती. त्यांचा देश सपाट आहे म्हणून जमलं, असं सांगतात. वर्धा ते सेवाग्राम कोणता घाट लागतो?

वर्ध्याचं भाग्य असं की इथे अजून फार बिघडलेलं नाही. स्टेशन, सेवाग्रामचं रुग्णालय, आश्रम, पवनार, सावंगी या साऱ्या जागा आठ-दहा किलोमीटरच्या आत आहेत. एवढ्या अंतरात दर वीस मिनिटांनी फिरणारी शहर बस मला पहिली हवी. लोक बसमध्ये बसत नाहीत, हे तर कुणी म्हणूच नये. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि गाड्या बायकांनी भरल्या. परवडेल असा प्रवास मिळाला की लोक घराबाहेर पडतात. 28 फेब्रुवारी 2024 ला वर्ध्याहून देवळीमार्गे कळंबपर्यंत रेल्वे धावली. तिच्या वेळेला जोडून बस आणि ऑटो उभे राहिले, तर देवळीच्या माणसाला गाडी घेण्याआधी दोनदा विचार करावासा वाटेल. बाजारात गाडी उभी करायला पैसे पडावेत, आणि तेच पैसे पदपथावर खर्च व्हावेत.

सेवाग्राम रस्त्याबद्दल माझी मागणी मोजकी आहे. पुढच्या पावसाआधी दोन्ही कडांना कडुनिंबाचे खड्डे खणावेत. ही रांग डांबर आणि पदपथ यांच्या मधोमध असावी, म्हणजे गाडीला अडसर होईल आणि सावली चालणाऱ्यावर पडेल. आणि पहिले चार उन्हाळे त्या रोपांना पाणी घालण्याचं काम कुणाच्या तरी नावावर, पगारासकट, लिहिलेलं असावं.