गोंधळ आणि रेघोट्या

बंगळूरच्या विधानसौधावर दर्शनी भागात एक वाक्य कोरले आहे : सरकारचे काम म्हणजे देवाचे काम. १९५६ साली उभी राहिलेली ही दगडी वास्तू मोठी देखणी. आता देवाच्या कामात आपल्याकडे गोंधळ घालतात हे खरे, पण तो संबळाच्या तालावर आणि देवीच्या नावाने. इथला गोंधळ निराळा!

१५ डिसेंबर २०२० रोजी इथल्या विधान परिषदेत उपसभापतींना चक्क खुर्चीवरून खाली ओढले गेले. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत आमदारांनी कागद फाडून अध्यक्षांच्या आसनाकडे भिरकावले. अठरा जण सहा महिन्यांसाठी निलंबित झाले, मार्शलनी काहींना उचलून बाहेर नेले. मे महिन्यात निलंबन मागेही घेण्यात आले. दोन्ही वेळी पक्ष वेगळे, तऱ्हा एकच.

अशा वेळी कीव येते ती व्यंगचित्रकाराची. त्याचे काम अतिशयोक्ती करण्याचे. पण लोकप्रतिनिधीच खुर्च्या ओढू लागले, तर त्याने वाढवून काय काढायचे? तरी तो काढतोच. बंगळूरला ही परंपरा जुनी आहे. डॉ. एम. शिवराम यांनी १९४२ मध्ये 'कोरवंजी' हे विनोदी कन्नड मासिक काढले. त्यात चित्रे काढणारा म्हैसूरचा एक तरुण पुढे मुंबईला आला आणि आर. के. लक्ष्मण म्हणून घरोघरी पोचला. त्यांचा 'कॉमन मॅन' कधी तोंड उघडत नाही. सभागृहात सगळेच एकदम बोलत असताना कोणीतरी गप्प राहून बघायला हवेच ना! शहरात ट्रिनिटी सर्कलजवळ २००७ पासून व्यंगचित्रांचे खास दालनही झाले.

पण वाचकहो, ही थट्टा महागातही पडते. १९८७ मध्ये तमिळ साप्ताहिक 'आनंद विकटन'ने मुखपृष्ठावर आमदार-मंत्र्यांची टर उडवणारे चित्र छापले. तामिळनाडू विधानसभेने हक्कभंगाखाली संपादकांना तीन महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली! देशभर ओरड झाली, तेव्हा काही दिवसांत सुटका झाली. २०१७ मध्ये कर्नाटक विधानसभेने आमदारांवरील लेखांसाठी दोन संपादकांना एक वर्ष कैद आणि दहा हजार रुपये दंड सुनावला.

घटनेच्या १९४ व्या कलमाने आमदाराला सभागृहातल्या बोलण्याबद्दल कोर्टाची भीती नाही. ते योग्यच, त्याशिवाय तो सत्ताधाऱ्यांना जाब कसा विचारणार? पण त्याच कलमाच्या आधारे सभागृह बाहेरच्या माणसाला शिक्षा देते, म्हणजे फिर्यादीही तेच आणि न्यायाधीशही तेच. कागद फाडणाऱ्याने दोन महिने घरी बसायचे आणि कागदावर रेघोट्या ओढणाऱ्याने तुरुंगात जायचे, हा कुठला न्याय? सभागृहाची अब्रू चित्राने जात नाही. जी आधीच गेलेली असते, ती चित्रात दिसते एवढेच.

घरी मुले टीव्हीवर ही हाणामारी बघतात आणि विचारतात, "यांना कोणी वर्गाबाहेर का उभे करत नाही?" त्यांना सांगा, ते काम आपले आहे, पण पाच वर्षांनी एकदाच येते. तोवर एखादे चांगले व्यंगचित्र कापून जपून ठेवा. उमेदवार हात जोडून दारात आले, की चहा द्या, चित्र पुढे करा आणि नम्रपणे विचारा, "साहेब, यातले आपण कोणते?"