नरक्या मुळासकट विकू नका



घाटमाथ्याच्या रानात वावरणाऱ्या माणसाला नरक्या वेगळा दाखवावा लागत नाही. फुलाचा वास असा की नाक दाबावे, म्हणून तर हे नाव पडले. एरवी या झाडाकडे कोण बघतो? पण त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य आहे आणि कॅन्सरची औषधे त्यापासून बनतात. म्हणून आंबोली-कोल्हापूरकडे नरक्याचा चोरटा माल पकडल्याच्या बातम्या येत राहिल्या. भोर-वेल्ह्याचा डोंगरही त्याच सह्याद्रीचा. उद्या कोणी टेम्पो घेऊन दारात आला तर काय करायचे, हे आजच ठरवा.

हे द्रव्य प्रथम एका चिनी झाडात सापडले. १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते जगापुढे मांडले. हे वाणी आपल्या नंदुरबारचे! पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते आपल्या नरक्यातही असल्याचे दाखवले. मूळ द्रव्य रोग्याला सोसवेना, मूत्राशयाला इजा होई. मग त्यात फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे झाली. १९९६ साली अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली, एकाला अंडाशयाच्या तर दुसऱ्याला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी.

लिव्हरच्या, म्हणजे यकृताच्या कॅन्सरचे काय? तो फार चिवट. त्याच्या पेशी औषध आत आले की पंपाने पाणी उपसावे तसे बाहेर फेकतात. नरक्यापासून झालेली औषधेही अशी फेकली जातात. हा पंप बंद पाडता येतो का, हे हळदीतल्या कुरक्युमिनसारख्या द्रव्यांवर प्रयोगशाळेत तपासतात. पण काचेच्या बशीत जमले ते माणसाच्या पोटात जमतेच असे नाही. खाल्लेली हळद रक्तात फारच थोडी उतरते. तेव्हा नरक्याचा काढा करून कोणी पिऊ नये, पाजू नये. ते विष आहे. रोग्याला पाला-मुळी द्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, लपवू नका. मी शेतीचा माणूस, डॉक्टर नव्हे, पण एवढे कळते.

आमच्या खात्याच्या अखत्यारीतली गोष्ट निराळीच आहे. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात नि मक्यात अफ्लाटॉक्सिन होते आणि त्याने यकृताचा कॅन्सर होतो, हे पक्के सिद्ध आहे. कावीळ ब असलेल्या माणसाला तर धोका कितीतरी पट. बाळाला जन्मल्याबरोबर काविळीची लस द्या. शेंगा खुळखुळ वाजेपर्यंत वाळवा, ओल्या पोत्यात भरू नका. काळे, कुबट दाणे चटणीत ढकलायची आपली सवय वाईट. भाजून हे विष पुरते जात नाही.

आता पुन्हा नरक्याकडे. वाळलेल्या लाकडात हे द्रव्य एक टक्काही भरत नाही, म्हणजे थोड्या औषधासाठी ढीगभर झाडे जातात. मुळासकट उपटले की फुटव्याची आशाही संपली. तोडणाऱ्याला मजुरी, बाकी सगळे व्यापाऱ्याला. माझे स्पष्ट मत आहे की हा व्यवहार गावाने थांबवावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती हवी, आणि धंद्यासाठी वनस्पती नेणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा तिला अधिकार आहे. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनो, तुमची समिती शेवटची कधी बसली? नोंदवहीत नरक्या आहे का? मालकीतले झाड असले तरी कुऱ्हाड लावण्याआधी वनखात्यात चौकशी करा.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. आपल्या डोंगरांतही अशा राया आहेत. देवाच्या धाकाने जे टिकले त्यात नरक्या असेल तर पिकलेले बी गोळा करा, पिशवीत रोपे करा नि पावसाळ्यात बांधाच्या सावलीला लावा. पैसा लगेच दिसणार नाही. जूनआधी दोन-चार गावांनी नावे कळवली तर रोपवाटिकेचे प्रात्यक्षिक गावातच घेऊ.