पाच नव्हे, सहा लिहा



आपल्या घरांत प्रवासाचे प्रकार पूर्वापार दोनच. एक यात्रेचा, दुसरा व्यापाराचा. तिसरा प्रकार वैद्यांनी हवापालट सुचवल्यावर नाइलाजाने घडतो. म्हणून काही वर्षांपूर्वी आमच्या जावयांनी दोन्हीकडच्या आईवडिलांना घेऊन चार दिवस दक्षिण गोव्यात, समुद्रकाठच्या गोल्फ मैदानावर जाण्याचा बेत मांडला, तेव्हा आमचे व्याही क्षणभर स्तब्ध झाले. मग म्हणाले, “काठीने चेंडू ढकलायला गोव्यापर्यंत कशाला जायचे? आपले अंगण पुरेल.”

या उत्तरामागे एक जुनी अढी होती. व्याही पनवेलच्या बाजारातील धान्याचे व्यापारी, पेढीवरची तिसरी पिढी. मुलगा आठ वर्षे पेढीवर बसत होता. मालाची खरेदी, वसुली, जीएसटीची विवरणपत्रे हे सारे तोच पाही. परंतु चेकबुक वडिलांच्या खणात आणि बँकेत सही वडिलांचीच. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस असल्याने दोनदा विषय काढून पाहिला. “सही म्हणजे तिजोरीची किल्ली. ती वयाने नव्हे, भरवशाने द्यावी,” असे म्हणून त्यांनी तो तेथेच मिटवला. त्यात मुलगा रविवारी सकाळी खारघरला डोंगरपायथ्याच्या सिडकोच्या मैदानावर गोल्फ खेळू लागला, आणि तो भरवसा आणखी दूर गेला. हा खेळ म्हणजे पेढी बुडण्याची पहिली पायरी, असे त्यांचे ठाम मत होते.

तरीही ते निघाले. विहीणबाईंनी मनावर घेतले, एवढेच त्याचे कारण.

जानेवारीतील सकाळी पनवेलहून आम्ही मांडवी एक्स्प्रेस पकडली. कोकण रेल्वेचा हा दिवसाचा प्रवास ज्यांनी केला नसेल, त्यांनी एकदा अवश्य करावा. रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा हा लोहमार्ग १९९८ साली संपूर्ण खुला झाला. करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि रत्नागिरीच्या पुढे पानवल नदीवरचा उंच पूल पाहताना व्याह्यांनी प्रथमच मोबाइल खिशात ठेवला. आपल्या पनवेलच्या नावाशी इतके जवळचे नाव ऐकून ते हसलेही. सावंतवाडी मागे पडताच आम्ही डबे उघडले आणि सूर्य मावळण्यापूर्वी दशम्या, ठेपले, खाकरे यांवर जेवण उरकले. मडगावला उतरून मोटारीने काणकोणला पोहोचेपर्यंत चांगलाच अंधार पडला होता.

काणकोण हा गोव्याचा दक्षिणेकडील शेवटचा तालुका. त्यापुढे कारवार. उत्तर गोव्याची गजबज येथे पोहोचत नाही. राजबागचा वाळूचा किनारा दक्षिणेकडे तळपण नदीच्या मुखापाशी संपतो आणि पूर्वेला सह्याद्रीच्या रांगा इतक्या जवळ येतात की सकाळी ऊन पडण्यापूर्वी डोंगराची सावली आधी दिसते. किनाऱ्याला लागूनच नऊ होलचे गोल्फ मैदान आहे. पहाटे सहाला मी बाहेर आलो, तेव्हा गवतावर दव होते, माडांच्या पलीकडे लाटांचा एकसुरी आवाज होता आणि दूरवर मच्छीमारांच्या होड्या. चाळीस वर्षे गल्ल्यावर बसलेला माणूस तेथे हात मागे बांधून नुसता उभा होता. मी हाक मारली नाही.

खेळाविषयी थोडक्यात सांगतो. प्रत्येक होलला आरंभीच्या जागेवरून चेंडू मारायचा आणि शेकडो मीटर दूरच्या सव्वाचार इंच व्यासाच्या खळग्यात तो कमीत कमी फटक्यांत घालायचा. प्रत्येक होलसाठी फटक्यांची एक प्रमाण संख्या ठरलेली असते, तिला पार म्हणतात. खेळाचे सर्वांत जुने लिखित नियम १७४४ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे झाले. ते अवघे तेरा होते. इंग्रजांबरोबर हा खेळ आपल्याकडेही फार लवकर आला. कोलकात्याचा रॉयल कॅलकटा गोल्फ क्लब १८२९चा, म्हणजे आपल्या देशातील पहिल्या प्रवासी आगगाडीहून चोवीस वर्षे जुना.

मला मात्र त्यातील हिशेबाची पद्धत विलक्षण वाटली. क्रिकेटप्रमाणे येथे प्रत्येक चेंडूवर डोळा ठेवणारा पंच नसतो. मैदान इतके विस्तीर्ण की कोणी कोणावर नजर ठेवणार? स्पर्धेत खेळाडूचे फटके मार्कर म्हणून नेमलेला दुसरा माणूस कार्डावर लिहितो. खेळाडू ते तपासतो, आणि शेवटी दोघांनी सही करायची. बँकेत आम्ही नेमके हेच करीत होतो. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून आद्याक्षरे करायची. जावयांनी मला मार्कर केले, तेव्हा निवृत्तीनंतर प्रथमच हातात पेन्सिल घेऊन कामावर आल्यासारखे वाटले. व्याही सोबत पायी चालत होते. खेळणारा एक, लिहिणारा एक आणि परीक्षा घेणारा एक, अशी आमची तुकडी होती.

सातव्या होलवर तो प्रसंग घडला. जावयांचा चेंडू माडांच्या सावलीत पडला होता. आम्ही दोघे वीसेक पावले मागे होतो. त्यांनी वाकून चेंडूजवळचे वाळलेले झावळीचे पाते दूर केले, मग क्षणभर थांबले, चेंडूला बोटाने हात लावला आणि पुढचा फटका मारला. होल संपल्यावर मी मोजून पाच लिहिले. ते जवळ आले आणि म्हणाले, “बाबा, पाच नव्हे, सहा लिहा.”

मी म्हटले, “मी नीट मोजले आहेत.”

“मारलेले पाचच. पण पाते काढताना चेंडू माझ्या हातून हलला. तो जागेवर ठेवायचा आणि एक फटका दंड घ्यायचा, असा नियम आहे.”

व्याही इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “किती हलला?”

“बोटभर.”

“कोणी पाहिले?”

“मी,” एवढेच बोलून ते पुढच्या होलकडे चालू लागले. मी पाच खोडून सहा केले आणि जुन्या सवयीने खाडाखोडीशेजारी आद्याक्षरे घातली. व्याह्यांनी ते कार्ड माझ्या हातून घेतले, चष्मा वर करून पाहिले आणि परत दिले. उरलेले दोन होल ते एक शब्दही बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी, जेवण लवकर आटोपल्यावर, वाळूत बसून जावयांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूची. १९२५च्या यूएस ओपन स्पर्धेत चेंडू किंचित हलला हे त्याच्याखेरीज कोणी पाहिले नव्हते. त्याने हट्टाने दंडाचा एक फटका स्वतःवर घेतला. अखेर तो बरोबरीत आला आणि निर्णायक फेरीत विली मॅकफार्लेनकडून हरला. तो फटका घेतला नसता तर निर्णायक फेरीची गरजच पडली नसती. लोक कौतुक करू लागले, तेव्हा बँक न लुटल्याबद्दल कौतुक करावे तसे हे आहे, अशा अर्थाचे तो बोलला असे सांगतात. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला हे उत्तर आवडले, यात नवल नाही.

दुसरी गोष्ट मात्र मला बोचली. १४ एप्रिल १९६८. अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विसेन्झोचा पंचेचाळिसावा वाढदिवस आणि अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धेचा शेवटचा दिवस. सतराव्या होलवर त्याने तीन फटके घेतले होते. सोबतच्या खेळाडूने चुकून चार लिहिले. दे विसेन्झोने न तपासता सही केली. नियम असा की प्रत्यक्षापेक्षा कमी लिहून सही केली तर खेळाडू बाद, आणि जास्त लिहून सही केली तर तो जास्तीचा आकडाच कायम. एका फटक्याने त्याची बरोबरी हुकली आणि बॉब गोल्बी विजेता ठरला. दे विसेन्झोने लिहिणाऱ्याला दोष दिला नाही. दोष स्वतःकडे घेतला.

मला माझी सही आठवली. संगणक येण्यापूर्वीचे दिवस होते. मी नवा अधिकारी. एका छोट्या व्यापाऱ्याच्या खात्यात चोपन्न हजारांचा चेक जमा झाला. रोजकीर्द बरोबर होती, पण खातेवहीत अंक उलटून पंचेचाळीस हजार पडले. संध्याकाळची घाई होती, लिहिणारा जुना व विश्वासाचा कारकून होता; मी न वाचता आद्याक्षरे केली. दोन दिवसांनी त्या व्यापाऱ्याने घाऊक दुकानदाराला दिलेला पन्नास हजारांचा चेक शिल्लक अपुरी म्हणून परत गेला. महिनाअखेरीस ताळा जमवताना नऊ हजारांचा फरक निघाला. फरकाला नवाने भाग गेला की अंक उलटले असावेत, हा आमचा ठोकताळा. त्यावरून चूक तासाभरात सापडली.

मी त्या गृहस्थांकडे क्षमा मागायला गेलो. त्यांनी चहा दिला, आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, “साहेब, पैसे आज जमा झाले. पण बाजारात गेला महिनाभर मला कोणी उधार माल दिला नाही. तो महिना कोणत्या खात्यात जमा करणार?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. हा प्रसंग मी घरी कधीच सांगितला नव्हता. त्या रात्री तळपणच्या वाळूत सांगितला. आमची सौ. माझ्याकडे पाहत राहिली. व्याही म्हणाले, “म्हणजे तुमची सहीसुद्धा एकदा चुकली तर!” त्यात टोमणा नव्हता. मला वाटते, त्यांना काहीसे हायसे वाटले असावे.

तिसऱ्या दिवशी आम्ही जवळच्या गालजीबागच्या किनाऱ्यावर गेलो. तेथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात अंडी घालायला येतात आणि वनविभाग त्या जागा जाळ्या लावून राखतो. इतका मुका किनारा मी पाहिला नव्हता. परतताना व्याह्यांनी व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला, “या हिरव्या गवताला पाणी किती लागते?” प्रश्न योग्य होता. गोल्फचे गवत कोरड्या दिवसांत सतत पाणी मागते आणि मैदान मोठी जमीन व्यापते. गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोल येथे गोल्फ रिसॉर्टच्या प्रस्तावाला ग्रामस्थांनी कडवा विरोध केला आणि कुळांच्या जमिनीचा वाद न्यायालयापर्यंत गेला, हे येथे नमूद केले पाहिजे. ज्या शांततेसाठी आपण पैसे मोजतो, तिची किंमत काही वेळा दुसराच कोणी भरतो. तो फटकाही कार्डावर दिसला पाहिजे. जाणाऱ्याने निदान विचारावे, आणि खोलीतील नळ तरी जपून सोडावा.

ज्यांना असा प्रवास करावयाचा असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कंदमूळ वर्ज्य आणि जेवण सूर्यास्तापूर्वी, हे आरक्षण करतानाच लेखी कळवावे. पोहोचल्यावर तोंडी सांगून भागत नाही. गोल्फ येत नसले तरी बिघडत नाही. नऊ होल पायी फिरणे म्हणजे दोन-अडीच तासांची मोकळ्या हवेतील चाल, आणि ती साठीच्या माणसाला मानवते. मात्र मुलगा किंवा जावई खेळत असेल, तर कार्ड आपण लिहावे.

परतीच्या गाडीत चिपळूण गेल्यावर व्याह्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, “खात्यावर सहीचा अधिकार वाढवायचा तर कोणता अर्ज लागतो?” मी म्हटले, दोन मार्ग आहेत. दोघांपैकी कोणाचीही एक सही चालेल असे लिहून देता येते, किंवा प्रत्येक चेकवर दोघांच्या सह्या. त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले. समोर जावई डोळे मिटून बसले होते. झोपले होते की नाही, सांगता येत नाही.

“दोघांच्या,” ते म्हणाले. “तो लिहील, मी तपासीन. वर्षभर असे चालू द्या. मग माझी सही काढू.”

वर्ष झाले तेव्हा तो दुसरा अर्ज मीच भरून दिला. सही करण्यापूर्वी व्याह्यांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मला घाई नव्हती.