एकच स्टेटस, दोन पक्षी

मंडळी, आमच्या धंद्यात एक जुना रोग आहे. बग सापडला की ट्रॅकरमध्ये टाकायचा, ‘हाय प्रायॉरिटी’चं लेबल लावायचं आणि काम झालं असं समजून घरी जायचं. पक्ष्यांच्या बाबतीतही आपण हेच करतो, असं माझं स्पष्ट मत झालंय.

हिरवी मुनिया घ्या. चिमणीपेक्षा लहान, पाठ हिरवी, पोट पिवळं, कुशीवर काळे-पांढरे पट्टे, चोच लालचुटुक. मूळची फक्त भारतातली, त्यातही मुख्यतः मध्य भारतातली. आययूसीएनच्या लाल यादीत ती ‘व्हल्नरेबल’ आहे, म्हणजे नामशेष व्हायचा धोका असलेली. मुख्य कारण पिंजरा! हिच्या इंग्रजी नावातलं ‘अवदवत’ आणि शास्त्रीय नावातलं ‘अमांदवा’, दोन्ही अहमदाबादवरून आलेत, कारण मुनिया तिथून परदेशी विकल्या जात. म्हणजे बाजाराचं नावच पक्ष्याला चिकटलं. 1990-91 मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली, तरी चोरटी विक्री थांबलेली नाही.

आता आमचा गोंदिया जिल्हा बघा. सारसही त्याच यादीत, त्याच लेबलखाली. पण इथे सारसांची दरवर्षी मोजणी होते, शेतकरी धानाच्या बांधीतली घरटी जपतात, आणि 2021 मध्ये नागपूर खंडपीठाने सारसांची स्वतःहून दखल घेतली. फार छान झालं. पण मुनियेची मोजणी कधी झाल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

कारण सोपं आहे. सारस माणसाएवढा उंच, लांबूनही दिसतो. मुनिया राहते उंच गवतात, झुडपांत, उसात. आणि सरकारी नकाशात असं गवत-झुडूप बऱ्याचदा ‘पडीक’ म्हणून रंगवलेलं असतं! पडीक जमिनीवर काहीही करायला आपण मोकळे.

दरेकसाला मी दोनदा गेलोय. हावडा लाइनवरचं छोटं स्टेशन, हाजरा फॉल, कचारगडच्या गुहा, पलीकडे छत्तीसगड. सगळ्यांचे कॅमेरे धबधब्याकडे. बाजूच्या गवताकडे कोण बघतो? तिथे हिरवी मुनिया आहेच असा माझा दावा नाही, मला ती दिसलेली नाही. पण टेस्ट चालवलीच नाही, तर ‘पास’ तरी कसं लिहायचं?

कुणी म्हणेल, नोंदी केल्या तर फासेपारध्यांनाच पत्ता मिळेल. मुद्दा खरा आहे. म्हणून पक्षी दिसला तर नक्की जागा नेटवर टाकू नका, वनखात्याला कळवा. पण नोंदच नसेल, तर उद्या त्या गवतावर जेसीबी फिरताना अडवायचं कशाच्या जोरावर?

तेव्हा पुढच्या वीकएंडला हाजरा फॉलला जाल, तर धबधब्याचे फोटो दहा मिनिटांत आटपा. उरलेला तासभर गवतासाठी ठेवा. लेबल लावणारे लावून गेले, बघायचं काम आता आपलं.