जिऱ्याचे पाणी आणि लोहाचा हिशेब

पुण्याच्या बिबवेवाडीत आमच्या घराजवळच्या बागेत सकाळचे फिरणे झाले की एका बाकावर रोज प्रवचन रंगते. सध्या विषय जिऱ्याचा. प्रवचनकारांचे म्हणणे थोडक्यात असे: जिरे हे मुळात औषध, बायकांनी ते तेलात जाळून त्याचे सत्त्व घालवले. चमचाभर जिरे रात्री भिजवावे, सकाळी उकळून गाळावे, ते पाणी अनशापोटी घ्यावे. लोह मिळते, रक्त वाढते, चरबी वितळते, पोट साफ होते. मग गोळ्या हव्यात कशाला? भोवतालची मंडळी माना डोलावतात. मी डोलावणार नाही, कारण हा शेवटचा प्रश्न एका बाईला महागात पडला आहे.

आधी लोहाचे पाहू. शंभर ग्रॅम जिऱ्यात सुमारे 66 मिलिग्रॅम लोह असते, हा आकडा खरा आहे आणि हे गृहस्थ तो तोंडपाठ म्हणतात. पण शंभर ग्रॅम जिरे खातो कोण? चमचाभर जिरे भरते दोन ग्रॅम. म्हणजे लोह 1.3 मिलिग्रॅम, तेही दाणा न दाणा चावून खाल्ला तर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागते. चौघांच्या आमटीच्या फोडणीत अर्धा चमचा जिरे पडते, त्यातून माणशी 0.2 मिलिग्रॅमही येत नाही. शिवाय वनस्पतीतल्या लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की तोही घटतो. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असते. तेवढे जिऱ्यातून घ्यायचे तर रोज नव्वद ग्रॅम जिरे चावावे लागेल. आणि आमचे प्रवचनकार जिरे चावतही नाहीत. ते पाणी गाळतात आणि दाणे झाडाच्या बुंध्याशी टाकतात! दाण्यातली प्रथिने, चोथा, बहुतेक लोह असे सगळे गाळणीत अडकले. प्याले काय, तर वास आलेले कोमट पाणी. ते प्यायला माझी हरकत नाही, चांगले लागते. पण त्याला रक्तवाढीचे औषध म्हणायला माझी सक्त हरकत आहे.

फोडणीत सत्त्व जळते म्हणे. खनिजे फोडणीत जळत नाहीत. जिऱ्याला जिऱ्याचा वास देणारे तेल पाण्यात नीट विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. मोहरी तडतडते, जिरे फुलते, हे ज्याला दिसते तो ते काळे होऊ देत नाही. चरबी वितळण्याबद्दल एवढेच की चरबी कशानेच वितळून वाहत नाही. आणि ज्या संशोधनाचे हे दाखले देतात, त्यातले बरेचसे कलौंजीवरचे असते. कलौंजी वेगळी, शहाजिरे वेगळे, कडू जिरे तर आणखीच वेगळे. ‘भावप्रकाशा’ने जिऱ्याचे तीन प्रकार निरनिराळे सांगितले. तेवढी काळजी आजच्या वैद्यकी सांगणाऱ्यांनी घ्यायला काय हरकत आहे?

याच बाकावर मागे लोखंडी कढईवरून वाद झाला होता. तेव्हा सांगणे होते की कढई भंगारात द्या, न चिकटणारी भांडी आणा. त्या लोखंडी कढईतल्या आंबट आमटीतून थोडे का होईना, खरे लोह पोटात जात होते! कढई घालवली आणि तिच्या जागी जिऱ्याचे पाणी आणले. तो वाद मी तेव्हा अर्धवट सोडला, त्याची चुटपुट अजून आहे.

आता त्या बाईविषयी. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई जवळच्या अप्पर इंदिरानगरहून चालत येतात. त्यांचे हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळीने मळमळते म्हणून त्यांनी ती बंद केली आणि दोन महिने जिऱ्याचे पाणी घेतले. दुसऱ्या तपासणीत आकडा आणखी खाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा देशात बागेतल्या बाकावरून ‘गोळ्या कशाला’ म्हणणे हा निष्काळजीपणा आहे.

मग जिऱ्याचे मोल काय? माझ्या मते ते दुसऱ्या अन्नात आहे. दुधी, लाल भोपळा, मुगाचे वरण, पातळ ताक, ज्यांच्याकडे पोरे पाहत नाहीत ते सगळे जिऱ्याने पोटात जाते. उपासाला कांदा-लसूण, मोहरी, हळद बाजूला होतात, पण साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी जिऱ्यावर उभी राहते. मठ्ठ्यात ताजी भाजून कुटलेली जिरेपूड घाला आणि बाजारच्या पुडीतली घालून पाहा, फरक जिभेलाच कळेल. 2023 साली ऊंझ्याच्या बाजारात जिरे क्विंटलला साठ हजारांपलीकडे गेले, तेव्हाही मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून मी पाव किलो आणलेच. औषध म्हणून नव्हे, आमटीसाठी.

ताईंनी डॉक्टरांना मळमळीचे सांगितले, गोळी बदलून मिळाली, आता ती रात्री जेवणानंतर चालू आहे. बागेतल्या माझ्या मैत्रिणींना एवढीच विनंती: जिऱ्याचे पाणी आवडत असेल तर खुशाल प्या, पण रक्त तपासून घ्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका, आणि गाळणीत उरलेले जिरे फेकू नका, संध्याकाळच्या आमटीत टाका.